झेलेझ्नात कोणी बसत नाही

आमच्या झेलेझ्नात बर्फावरच्या हॉकीच्या सामन्याला कोणी बसत नाही. म्हातारी बसत नाहीत, गरोदर बायका बसत नाहीत, पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूससुद्धा कुबड्यांवर रेलून उभा राहतो. बाहेरच्यांना हे खूळ वाटतं. वाटू दे. हा हॉल आमच्या बापांनी बांधला, पोलादाच्या कारखान्यातली पाळी संपवून, रविवारी, फुकट. पायऱ्या सिमेंटच्या केल्या, वर कारखान्यातलाच पत्रा घातला आणि खुर्च्या फक्त एका जागी ठेवल्या. मधोमध, काचेच्या आड, डायरेक्टर आणि त्याच्या पाहुण्यांसाठी, चामड्याच्या. डायरेक्टर बसायचा, आम्ही उभे राहायचो. पुढे यूगोस्लाव्हिया गेला, डायरेक्टर गेला, अर्धा कारखानाही गेला, चामड्याच्या खुर्च्या उंदरांनी खाल्ल्या. तरी अजून सामन्यात कोणी नुसतं टेकायला लागलं की मागून आवाज येतो, "काय रे, डायरेक्टर झालास?" आणि तो माणूस चटका बसल्यासारखा उठतो.

मी येल्का. दिवसा पोस्टाच्या खिडकीत असते आणि सामन्याच्या दिवशी हॉलच्या माइकवर. गोल कुणी मारला, शिक्षा कुणाला झाली, कुणाच्या गाडीचे दिवे चालू राहिलेत, सगळं मीच सांगते. माझं टेबल बर्फाला अगदी चिकटून आहे, पहिल्या पायरीच्या खाली. त्या टेबलालाही खुर्ची नाही.

त्या वर्षी डोंगरापलीकडच्या ऑस्ट्रियन लीगने नवे देश घ्यायचं ठरवलं. मोठी लीग, पैशाची, टीव्हीवर दिसणारी. शेजारच्या देशांतून एकेक संघ घेऊन झाला होता, आता आमच्या स्लोव्हेनियाची पाळी होती आणि जागा एकच होती. दुसरे उमेदवार राजधानीवाले, ल्युब्लियानाचे. त्यांच्याकडे नवा हॉल, गादीच्या खुर्च्या, आणि सामन्याला चार टाळकी. आमच्याकडे हॉल जुना, पण सामन्याला सगळं गाव.

आमची आपली देशातली लीग तोवर चार संघांवर आली होती. त्याच त्याच माणसांशी इतक्या वेळा खेळायचो की त्यांच्या गोलकीपरच्या सासूचं दुखणंही आम्हाला तोंडपाठ झालं होतं. अशा लीगमध्ये पोरं टिकत नाहीत. माझा पोरगाही टिकणार नव्हता. ओझ्बे तेवीस वर्षांचा, आमच्या संघाचा बचावपटू. त्याला स्वीडनच्या एका क्लबाने बोलावलं होतं. त्याने मला एकदाच सांगितलं, भांडी पुसता पुसता.

"आई, लीग मिळाली तर मी इथेच. नाही मिळाली तर जातो."

"आणि मिळेल असं वाटतं तुला?"

"सिल्वो म्हणतो मिळेल."

"सिल्वो तर प्रत्येकाला म्हणतो, पहिल्या फटक्यात लायसन्स मिळेल."

सिल्वो आमच्या क्लबचा अध्यक्ष. त्याची ड्रायव्हिंग शाळा आहे. मी थट्टा केली खरी, पण धुतलेली ताटली परत धुतली. ओझ्बेचा बाप असाच डोंगरातल्या बोगद्यापलीकडे, ऑस्ट्रियात, कामाला गेला होता, दर शनिवारी येईन म्हणून. पहिले काही शनिवार आलाही. तेव्हापासून घरात आम्ही तिघंच, मी, ओझ्बे आणि माझे बाबा. तेव्हा ही लीग मला का हवी होती ते उघड आहे. हॉकीसाठी नको होती, पोरासाठी हवी होती. त्यात लाज कसली.

सिल्वो लीगच्या बैठकीहून परत आला तो चेहरा पाडून. त्याने सगळ्यांना हॉलवर बोलावलं आणि सांगितलं, घोडं एका नियमावर अडलंय. प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची पाहिजे. पाठ असलेली आणि जमिनीला पक्की बसवलेली. महिन्याभरात लीगचा माणूस तपासायला येणार, टीव्हीवाल्यांना घेऊन. ऑस्ट्रियाचा एक संघ मैत्रीचा सामना खेळेल, तो माणूस बघेल आणि सही करेल किंवा करणार नाही.

"प्लास्टिकच्या खुर्च्यांना पैसे नाहीत," सिल्वो म्हणाला. "मी सगळीकडे विचारून आलो. संपलं."

सगळे बर्फाकडे बघत होते. मग मागून तोन्च्का बोलली. तोन्च्का आमची शेजारीण, सत्तरी उलटलेली, कारखान्यात क्रेन चालवायची. तिची जीभ अजून क्रेनवरच असते.

"सिल्वो, तू जेवतोस कशावर?"

"म्हणजे?"

"म्हणजे घरी जेवायला बसतोस तो कशावर? बायकोच्या डोक्यावर?"

"खुर्चीवर."

"तिला पाठ आहे?"

सिल्वोला अजून उजेड पडत नव्हता, पण बाकीच्यांच्या डोक्यात पडला आणि हसण्याचा गडगडाट झाला.

"पण पक्की बसवलेली पाहिजे," तो म्हणाला.

तेव्हा माझे बाबा खाकरले. इझिडोर त्यांचं नाव. सगळी हयात रोलिंग मिलमध्ये गेली, खुब्याचा सांधा बदललाय, तरी सामन्याला कठडा धरून उभेच असतात. ते म्हणाले, "या गावात काय वेल्डर कमी आहेत?"

पुढच्या शनिवारी सकाळी खुर्च्या निघाल्या. स्वयंपाकघरातल्या, जेवणघरातल्या, कुणाच्या लग्नात आलेल्या, कुणाच्या मेलेल्या माणसाच्या. डोक्यावर, खांद्यावर, हातगाडीवर, मुलांच्या घसरगाडीवर. पाद्रीबाबांनी चर्चमागच्या खोलीतल्या पाठवल्या. न्हाव्याने आपली फिरती खुर्ची आणली, तीही घेतली, तिला पाठ होती ना. आमच्या घरातून तीन निळ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पेन्शनर वेल्डरांनी सिमेंटमध्ये लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि खुर्च्यांचे पाय त्यांना असे जखडले की गेंड्याने ओढली तरी हलणार नाही. कामगार म्हणून त्यांना कोणी विचारत नव्हतं त्याला वर्षं झाली होती. त्या दोन दिवसांत मी बाबांना शीळ घालताना ऐकलं.

लीगचे तपासनीस, डॉक्टर प्रांटनर, सामन्याच्या दुपारी आले. उंच, नीटनेटके, कानाला थंडी लागणारे. त्यांचं जर्मन मला कळत होतं, कारण लग्नाआधी मी पलीकडच्या हॉटेलात चादरी बदलल्यात. त्यांनी खुर्च्या पाहिल्या आणि आधी थक्क झाले, मग हसले, मग वाकून एकेक हलवून बघू लागले. एकही हलली नाही.

"असं मी कुठेच पाहिलं नाही," ते मला म्हणाले. "नियम म्हणतो खुर्ची, पाठ, पक्की. तीनही आहेत. लिहून टाकतो."

सिल्वोने त्यांना सॉसेज आणि रम घातलेला चहा दिला. प्रांटनर माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. दुसरं सॉसेज त्याने स्वतः मागून घेतलं.

मग सामना सुरू झाला आणि आमचं हात दाखवून अवलक्षण झालं. सगळं गाव आत आलं, प्रत्येक जण आपापल्या खुर्चीपाशी गेला, खुर्चीवर कोट ठेवला, थर्मास ठेवला, पोरं वर चढवली, आणि स्वतः उभा राहिला. ढोल सुरू झाला, गाणी सुरू झाली. खुर्च्या आणायच्या, बसवायच्या, हे सगळं आम्ही जिवाचं रान करून केलं होतं. त्यांवर बसायचंही असतं, हे त्या सगळ्या दिवसांत एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

तीनपैकी पहिला टप्पा संपला. खेळाडू आत गेले आणि प्रांटनर माझ्या टेबलापाशी आले. मागे सिल्वो, घामाघूम.

"बाई, हे लोक बसत का नाहीत?"

"ते बसत नाहीत."

"दमतील."

"दमतात."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "माझ्यासोबत टीव्हीवाले आहेत. नव्या देशातलं चित्र त्यांना हवंय. कुटुंबं, मुलं, सगळे नीट बसलेले. उभी गर्दी दिसली की विमावाले भांडतात, पोलीस जास्त मागतात, आणि समिती म्हणेल की या खुर्च्या देखाव्याच्या आहेत. दुसरा टप्पा सुरू होताना ते बसलेले दिसू देत. तेवढाच टप्पा. मी आजच सही करतो."

"येल्का, सांग ना त्यांना," सिल्वो काकुळतीला आला. "एक टप्पा. तुझं ऐकतील."

मी माइक हातात घेतला. मनात म्हटलं, एका टप्प्याने काय जातंय? ओझ्बे इथे राहत असेल तर मी या गावाला काट्यांवरही बसवेन.

"लक्ष द्या," मी म्हणाले. "लीगच्या पाहुण्यांची विनंती आहे. दुसऱ्या टप्प्यात सगळ्यांनी आपापल्या खुर्चीवर बसावं."

हॉलभर हशा पिकला.

"कसं बसायचं, येल्का? करून दाखव!"

"डायरेक्टरीण बोलतेय, डायरेक्टरीण!"

"माझ्या खुर्चीवर माझं सॉसेज बसलंय, त्याला उठवू?"

एकही माणूस बसला नाही. प्रांटनरांनी घड्याळ बघितलं. मला राग आला, या आडमुठ्या गावाचा आणि त्या घड्याळाचा. मी माइक पुन्हा तोंडाशी धरला. यावेळी पोस्टातली आणि हॉलमधली येल्का बोलत नव्हती.

"ऐका. तुम्ही सगळे मला ओळखता. लीग मिळाली नाही तर ओझ्बे जाणार आहे. आधी एक गेला, तो तुम्हाला माहीत आहे. मी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही. आज मागते. बसा."

हसणं थांबलं. माझ्या अगदी डोक्यावर, पहिल्या पायरीवर, बाबा कठडा धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांत हा माणूस या हॉलमध्ये बसला नव्हता, सांधा बदलल्यावर डॉक्टरांनी हात जोडले तेव्हाही नाही. त्यांनी कठडा सोडला, एका हाताने खुबा धरला आणि आमच्याच निळ्या खुर्चीवर हळूहळू बसले.

त्यांच्यामागून तोन्च्का बसली. "इझिडोर बसला," ती शेजारच्याला म्हणाली, आणि तो बसला. मग ओळच्या ओळ. पोरांना मांडीवर घेतलं, थर्मास पायाशी ठेवले. ढोलवाल्याने ढोल दोन गुडघ्यांत धरला, पण वाजवेना. बसून ढोल कसा वाजवायचा ते त्याला येत नव्हतं. गाण्यांचंही तसंच झालं. मयताच्या घरी बसतात तसं सगळं गाव हात मांडीवर ठेवून बसलं.

"सुंदर," प्रांटनर म्हणाले. कॅमेरा फिरू लागला. त्यांनी खिशातून पेन काढलं.

खेळाडू बाहेर आले आणि दारातच थबकले. पाहुण्या संघालाही काय झालं ते कळेना. पंचाने शिट्टी मारली, खेळ सुरू झाला. बर्फावर स्केटची पाती घासल्याचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा इतका स्पष्ट ऐकला. माझं काम झालं होतं, आणि वर बाबांकडे बघायचं मी टाळत होते.

पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, ओझ्बेकडे आला. त्याने तो थांबवला, मान वर केली, आणि त्याला आजोबा दिसले. पक तसाच सोडून तो थेट आमच्याकडे आला. पाहुण्यांच्या एका पोराने तो पक स्टिकने ढकलत सावकाश आमच्या जाळ्यात घातला. आमचा गोलकीपरसुद्धा ओझ्बेकडेच बघत होता.

ओझ्बेने काचेवर स्टिक आपटली. "आजोबा, काय झालं? छातीत दुखतंय का?"

"काही झालं नाही. खेळ."

"मग बसलात का?"

"तुझ्यासाठी बसलोय, गाढवा. तुझ्या लीगसाठी. जा, खेळ."

ओझ्बेने वर, डावीकडे, उजवीकडे, सगळ्या पायऱ्यांवर नजर फिरवली. हेल्मेट काढलं. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे.

"उठा," तो म्हणाला.

"गप्प बस आणि..."

"आजोबा, उठा. तुम्हाला बसवून मला कुठलीच लीग खेळायची नाही. तुम्ही उठेपर्यंत मी इथून हलत नाही."

पंच आला, त्याने हात वर केला आणि खेळ रोखल्याबद्दल दोन मिनिटांची शिक्षा दिली. ती जाहीर करणं माझं काम. माइक माझ्या हातात होता, प्रांटनर पेन उघडून माझ्या शेजारी उभे होते आणि सिल्वो डोळ्यांनी माझ्या पाया पडत होता. शिक्षा सांगायची, पोरगा दोन मिनिटांसाठी बाहेर जाईल, हॉल बसलेला राहील, सही होईल. इतकं सोपं होतं ते. आणि माझा बाप माझ्या डोक्यावर खुर्चीत बसला होता, आणि ते मी केलं होतं. मला स्वतःची चीड आली.

"दोन मिनिटं शिक्षा," मी म्हणाले. "झेलेझ्ना, क्रमांक चार, ओझ्बे. खेळ रोखल्याबद्दल."

मग मी श्वास घेतला.

"आणि झेलेझ्ना, उठा."

सर्वांत आधी बाबा उठले. कठडा न धरता. त्यानंतर जो आवाज झाला तो मी माइकवर सांगू शकले नसते. सगळं गाव एकदम उभं राहिलं, ढोल तुटेल असा वाजू लागला, तोन्च्का खुर्चीवरच चढली आणि तिने ल्युब्लियानापासून व्हिएन्नापर्यंत सगळ्यांच्या आया काढल्या. ओझ्बे हसत बर्फाकडेच्या, शिक्षा झालेल्यांच्या डब्यात गेला. तिथे बाक आहे. तो उभाच राहिला.

प्रांटनरांनी पेनाचं टोपण लावलं.

"बाई, आपण काय केलंत ते कळतंय का?"

"कळतंय."

"जागा ल्युब्लियानाला जाईल."

"जाऊ दे. बसायला माणसं मिळतील तिथे."

ते म्हणाले, "मला वाईट वाटतंय," आणि त्यांना खरंच वाटत होतं. मी म्हटलं, "मलाही वाटतंय. पण तुमच्यासारखं नाही." सामना आम्ही सात विरुद्ध एक असा हरलो. शेवटच्या शिट्टीपर्यंत एकही माणूस हॉलमधून हलला नाही, आणि हरलेल्या संघाला गावाने इतका वेळ थांबवून ठेवलं की पाहुण्यांची बस निघून गेली तरी आमची पोरं बर्फावरच होती.

घरी आलो तेव्हा भूक मरायला टेकली होती. मी जव आणि घेवड्याचं रिचेत गरम केलं, तीन वाडगे मांडले, आणि मग आम्हा तिघांना एकदमच आठवलं की बसायला काही नाही. खुर्च्या हॉलमध्ये वेल्ड केलेल्या. खिडकीतून समोर तोन्च्काचं स्वयंपाकघर दिसतं. ती ओट्याला टेकून उभ्याने जेवत होती, तिच्या बाजूच्या घरातही सगळे उभेच होते. ओझ्बेला हसू आवरेना. मीही हसले. मग तो हसायचा थांबला.

"आई, ऑगस्टमध्ये जावं लागेल."

"माहीत आहे."

"रागावलीस?"

"तुझ्यावर?" मी कालथा आपटला. "मी सगळ्या गावावर रागावलेय, त्या डॉक्टरवर, तुझ्या बापावर, स्वीडनवर. तुझ्यावरही आहे. जेव."

"उठा म्हणून तूच सांगितलंस."

"हो, सांगितलं. परत वेळ आली तर परत सांगेन. म्हणून काय मी रडू नये?"

मी रडले. उगाच कांद्याचं निमित्त केलं नाही. तो जवळ येऊन उभा राहिला, आणि ते बरं केलं.

बाबा टेबलाच्या कडेला एक हात रोवून जेवत होते. खुबा त्यांना भयंकर सतावत होता. ओझ्बेने चुलीजवळची लाकडांची पेटी रिकामी केली, उलटी करून त्यांच्या मागे सरकवली आणि वर स्वतःचा कोट घडी करून ठेवला.

"बसा आता, आजोबा. इथे कोण बघतंय?"

"तू बघतोयस ना," बाबा म्हणाले. "आज एकदा बसलेला दाखवला तुला, तेवढा पुरे. ऑगस्टपर्यंत आता मी तुला उभाच दिसेन."

ओझ्बेने मान खाली घातली. मी डोळे पुसले आणि बाबांच्या वाडग्यात आणखी एक पळी वाढली.